टर्बोच्या अलीकडची नळी

नळी वाकवायची तर आधी तिचं पोट भरावं लागतं. रिकामी नळी वाकवली की ती वळणावर चेपते आणि मग धूर तिथं अडून बसतो. म्हणून पुंजाराम तांगडे तिच्यात वाळू भरायचा. वाळू गोदावरीची, तीन वेळा चाळलेली आणि लोखंडी कढईत चांगली भाजून घेतलेली. नळीच्या एका टोकाला लाकडी खुंटी ठोकायची, नळी उभी धरून वाळू ओतायची आणि बाहेरून लाकडी हातोडीनं टोकत राहायचं. आधी आवाज पोकळ येतो, मग जड होतो, आणि एक वेळ अशी येते की हातोडी मारली तरी नळी बोलतच नाही. तेव्हा दुसरं टोक बंद करायचं, वळणाची जागा गॅसच्या ज्योतीनं लालबुंद करायची आणि हळूहळू, श्वास रोखल्यासारखं ओढत न्यायची. थंड झाली की खुंट्या काढायच्या, वाळू ओतून टाकायची. झाली नळी.

हे काम तो चौतीस वर्षं करत होता. पाचोडचा हा गडी बाविसाव्या वर्षी एका मालट्रकवर क्लीनर म्हणून निघाला होता. त्या ट्रकचा सायलेन्सर वाटेत फुटला. ड्रायव्हरनं मोंढा नाक्याजवळ हबीब उस्तादांच्या दुकानापुढं गाडी लावली. दुरुस्तीला दोन दिवस लागले. ते दोन दिवस पुंजाराम उस्तादांच्या हाताकडं बघत उकिडवा बसून होता. तिसऱ्या दिवशी ट्रक निघाला आणि क्लीनर तिथंच राहिला.

"क्या रे, गाडी गई तेरी," उस्ताद म्हणाले.

"जाऊ द्या," पुंजाराम म्हणाला.

उस्तादांचा पहिला धडा ओल्या वाळूचा होता. पुंजारामनं एकदा घाईत वाळू नीट भाजली नाही. नळी तापली, आत वाफ झाली आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून वरच्या पत्र्याला भोक पाडून गेली. उस्तादांनी वर बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. "नल्ली नै, बम बनाया तू. अब बारिश में तेरे सर पे पानी टपकेगा, तब याद आएगी रेती." आणि पुढचे चार पावसाळे खरोखरच त्याला त्या भोकाखाली बसवलं.

दुसरी एक गोष्ट उस्तादांनी शिकवली नाही, ती त्यांच्या दुकानाची रीतच होती. नवीन सायलेन्सर बसवला की गाडी चालू करून तीनदा जोरात रेस करायची. मागच्या सगळ्यांना बाजूला करायचं. नळी पहिल्यांदा तापली की आत कुठं चिकटून राहिलेली काळी वाळू रस्त्यावर थुंकायची. "लो, मुँह धो लिया," उस्ताद म्हणायचे, आणि गिऱ्हाइकाला किल्ली द्यायचे. नळी आतून घासणं, धुणं असलं काही नव्हतंच. ठोकायची, आतून साखळी फिरवायची, हवा मारायची, आणि उरलंसुरलं पहिल्या धुरासोबत बाहेर. वाळू रस्त्यावर पडते, रस्त्याचं काय बिघडतं?

उस्ताद गेल्यावर पुंजारामनं चिकलठाण्याच्या एमआयडीसीमागं एका गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या रसाची इंजिनं, लग्नाच्या वरातीतले जनरेटर, सगळ्यांचे सायलेन्सर त्यानं वाकवले. पण हळूहळू तयार सायलेन्सर मिळायला लागले. मोठ्या कारखान्यांत नळ्या वाकवणारी कॉम्प्युटरची मशिनं आली. ती थंड नळी क्षणात वाकवतात, वाळू नको आणि आगही नको. गेल्या पाच-सहा वर्षांत पुंजारामच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीन कामं यायची. उरलेला वेळ तो वाळू चाळत बसायचा. चाळलेली पुन्हा चाळायचा. बायको साळूबाई म्हणायची, "आता त्या वाळूचं पीठ करताय का काय?"

त्यांना एकच लेक, प्रेरणा. ती इथंच मेकॅनिकल शिकली आणि शेंद्र्याच्या एका लहानशा कंपनीत डिझाइनला लागली. कंपनी डोंगराळ भागात सामान नेणाऱ्या मोठ्या ड्रोनसाठी इंजिन बनवत होती. एका रविवारी जेवताना ती ते समजावून सांगायला लागली.

"ह्याच्यात पिस्टन नसतो, अण्णा. तीन कोपऱ्यांचा रोटर असतो. तो आत गोल फिरतो. असे दोन रोटर."

"जात्यासारखं?" साळूबाईनं विचारलं.

"जात्यासारखंच म्हण. पण शाफ्ट मिनिटाला सात हजार फेरे मारतो."

"मग पीठ कुठं पडतं?"

प्रेरणा हसली. "पीठ नाही, आई. धूर. आणि तोच तर माझा ताप आहे."

मग तिनं ताटातल्या भाकरीचे दोन लांब तुकडे केले आणि अण्णांपुढं मांडले. प्रत्येक रोटरचा धूर वेगळ्या तोंडातून बाहेर पडतो. ह्या इंजिनात झडपा नसतात, त्यामुळं धूर फटाक्यासारखा एकदम सुटतो आणि साध्या इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो. तो धूर दोन नळ्यांतून नेऊन टर्बोच्या चाकावर सोडायचा. धुराच्या माऱ्यानं चाक फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, कारण डोंगरावर हवा विरळ असते. दोन्ही नळ्यांची लांबी सारखी हवी, म्हणजे दोन्ही रोटरचे धक्के ठरलेल्या अंतरानं चाकावर बसतात. आणि दोघांचे धूर चाकापर्यंत एकमेकांत मिसळता कामा नयेत. नळ्यांच्या ह्या जोडगोळीला मॅनिफोल्ड म्हणतात.

"एक तोंड टर्बोच्या जवळ, दुसरं लांब. लांबी सारखी ठेवायची तर जवळच्या नळीला उगाच वळसे घ्यायला लावायचे. आणि जागा किती? ह्या तांब्याएवढी."

पहिली दोन मॅनिफोल्ड तिनं तयार तुकडे जोडून, वेल्डिंग करून बनवून घेतली होती. दोन्ही दहा-बारा तासांत जोडावर तडकली. नळी तापून लांबते, निवून आखडते, आणि सगळा ताण जोडावर येतो. म्हणून तिनं नवीन डिझाइन काढलं, प्रत्येक नळी सलग आणि मध्ये एकही जोड नाही. कंपनीचे मालक अतुलसाहेब म्हणाले, कागदावर छान आहे, बनवणार कोण? मशीनवाल्यांनी हात वर केले. मशीनला दोन वळणांच्या मध्ये पकडायला सरळ भाग लागतो. प्रेरणाच्या नळीत एक वळण संपतं तिथंच दुसरं चालू होत होतं.

"साहेबांनी एकच संधी दिलीय," ती म्हणाली. "ग्राहकाच्या माणसांसमोर पन्नास तास चालवायचं. टिकलं तर माझं डिझाइन पक्कं आणि पुढच्या इंजिनाचं सगळं एक्झॉस्टचं कामही माझ्याकडं. नाही टिकलं तर पुण्याला ओतकामवाल्यांना देणार, डिझाइनसकट."

पुंजारामनं भाकरीचे तुकडे जवळ ओढले. मग त्यानं खिशातून तार काढली, ती त्याच्या खिशात नेहमीच असायची, आणि हातानंच ती वाकवली. एक वळण, त्याला लागूनच दुसरं, मग थोडं वर.

"असं?"

प्रेरणानं जेवण सोडून तार हातात घेतली. फिरवून बघितली. "अण्णा, तुम्ही वाकवाल?"

"विचारतीस काय? वाळू चाळून तयारच हाय."

त्यानंतरचे बारा दिवस पुंजारामच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. प्रेरणानं खऱ्या मापाचं चित्र छापून आणलं आणि त्यानं ते भिंतीला चिकटवलं. स्टेनलेसची नळी त्यानं फारशी वाकवली नव्हती. ती हट्टी असते, साध्या लोखंडाहून जास्त ताप मागते. पहिल्या तीन नळ्या वाया गेल्या. चौथी जमली. संध्याकाळी प्रेरणा शेंद्र्याहून थेट दुकानात यायची. ज्योत किती लांब धरता, रंग कुठला आला की ओढता, कुठल्या बाजूला पाणी मारता, असं विचारून वहीत लिहायची. त्याला हसू यायचं. हे कुणी लिहून घेईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

लांबी मोजायला तो नळीच्या मध्यावरून सुतळी लावायचा. प्रेरणा कॉम्प्युटरवरून आकडा सांगायची. दोन्ही नळ्यांत एक मिलिमीटरचा फरक निघाला.

"एक मिलिमीटर!" ती ओरडली. "अण्णा, मशीनला पण एवढं जमत नाही."

"मशीनला लेक नसती," पुंजाराम म्हणाला, आणि लगेच उठून भट्टीकडं गेला.

एक जोडी इंजिनासाठी, एक जादा, अशा दोन जोड्या झाल्या. प्रेरणाच्या चित्राखाली बारीक अक्षरांत सूचना होत्या. सातवी सूचना होती की नळी वाकवल्यावर आतून ॲसिडनं धुवून घ्यावी आणि कॅमेऱ्यानं तपासावी. ॲसिडचं काम वाळूजच्या एका कारखान्यात व्हायचं, त्याला दोन दिवस लागायचे. त्यासाठी तिनं दिवस राखून ठेवले होते. पण ग्राहकाची माणसं गुरुवारऐवजी सोमवारीच आली.

सोमवारी सकाळी पुंजाराम नळ्या घेऊन शेंद्र्याला गेला. लेकीची कंपनी त्यानं पहिल्यांदाच बघितली. धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी, हातात गोणपाटात गुंडाळलेल्या नळ्या. अतुलसाहेब स्वतः उठून आले. नळ्या हातात घेऊन म्हणाले, "काका, हे तुम्ही हातानं केलं?" चाचणी घेणारा सुदर्शन नावाचा मुलगा तर एका वळणावरून बोट फिरवतच राहिला.

"आतून साफ आहे ना, अण्णा?" प्रेरणानं हळूच विचारलं. "ॲसिडला वेळ नाही मिळाला."

"ठोकली, साखळी फिरवली, कॉम्प्रेसरनं हवा मारली. चकाचक हाय."

तिनं कपाटातून कॅमेरा काढला. लांब काळी वायर, टोकाला हरभऱ्याएवढा डोळा, त्याच्याभोवती बारीक दिवे. ती वायर उलगडायला लागली. सगळे बघत होते. पुंजारामला काय वाटलं कोण जाणे. त्याला लाज वाटली असेल किंवा नुकत्याच झालेल्या कौतुकानं तो जरा चढला असेल. तो मोठ्यानं म्हणाला, "घ्या! पोटची पोर आता बापाच्या नळीत डोकावणार. चौतीस वर्षांत कुणी डोकावलं नाय!"

सुदर्शन हसला. अतुलसाहेबही हसले. प्रेरणाही हसली, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिनं वायर पुन्हा गुंडाळून ठेवली. मग टेबलावरच्या तपासणीच्या कागदावर रकान्यांत खुणा करत गेली. पुंजाराम कौतुकानं तिच्या पेनाकडं बघत होता. ती काय लिहितेय ते त्याला ठाऊक नव्हतं.

नळ्या इंजिनाला बसल्या. त्यांच्या दुसऱ्या टोकाला टर्बो बसला. टर्बो पुंजारामला नवीन नव्हता. ट्रकांचे कितीतरी टर्बो त्यानं बघितले होते. पण त्या सगळ्या गाड्यांमध्ये टर्बो आधी आणि पुंजारामची नळी नंतर, मागं, रस्त्याकडं तोंड करून असायची. ह्या वेळी नळी टर्बोच्या अलीकडं होती. तिच्यातून जे निघेल ते रस्त्यावर पडणार नव्हतं, मिनिटाला लाखभर फेरे मारणाऱ्या चाकावर जाऊन आदळणार होतं. हे त्याच्या डोळ्यांपुढं होतं, तरी त्याला दिसलं नाही.

इंजिन चालू व्हायच्या आधी तो सवयीनं म्हणालाही, "मागचे बाजूला व्हा, थुंकतंय पहिल्यांदा." इंजिन चालू झालं. काहीच बाहेर पडलं नाही, एक कणसुद्धा. "बघा," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं चकाचक?"

पन्नास तास सलग नव्हते. रोज आठ तास चालवायचं, मग निवू द्यायचं, सकाळी पुन्हा. प्रेरणा रोज संध्याकाळी फोनवर आकडा कळवायची. आठ. सोळा. चोवीस. पहिली दोन मॅनिफोल्ड जिथं तडकली होती ती वेळ कधीच मागं पडली होती. पुंजाराम शेजारच्या चहावाल्याला सांगायचा, "चोवीस झाले," आणि चहावाला, त्याला काही न कळता, म्हणायचा, "वा!" बत्तीस झाले त्या दिवशी साळूबाईनं शिरा केला.

पाचव्या दिवशी तो पुन्हा शेंद्र्याला गेला. प्रेरणानंच बोलावलं होतं. जाड काचेपलीकडं इंजिन चालू होतं आणि त्याच्या दोन नळ्या संत्र्याच्या रंगानं पेटल्या होत्या. तापलेल्या नळ्या त्यानं आयुष्यभर बघितल्या होत्या, पण ह्या चालत्या इंजिनावर, आतून धूर पीत पेटलेल्या होत्या. त्याला त्या फार देखण्या वाटल्या. प्रेरणा शेजारी उभी होती. ग्राहकाची दोन माणसं खुर्च्यांवर बसून आकडे टिपत होती.

सदतिसावा तास चालू होता. टर्बोची शीळ एकसुरी येत होती. आणि मग ती शीळ किंचित घोगरी झाली. कॉम्प्युटरवर काही दिसायच्या आधी पुंजारामला ते ऐकू आलं.

"बाई," तो म्हणाला, "आवाज फाटला."

"काय?"

तिनं वळून बघेपर्यंत काचेपलीकडं निळसर पांढरा धूर दाटला. सुदर्शननं लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं आणि त्या शांततेत टर्बो आत कुठंतरी खरखरत, खरखरत थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं थंड झाल्यावर उघडलं. पुंजाराम आला होता, त्याला कुणी नको म्हटलं नाही. आधी नळ्या काढल्या. प्रेरणानं त्यांवर लाल औषध फवारलं, पुसलं, मग पांढरं फवारलं. बारीकशी भेग असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सगळे वाकून बघत होते. एकही रेघ उमटली नाही. प्रेरणानं अण्णांकडं बघितलं आणि ती हसली. नळ्या टिकल्या होत्या, डिझाइन बरोबर होतं.

मग सुदर्शननं टर्बोचं चाक बाहेर काढलं.

चाकाची पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. दोन पात्यांची टोकंच नव्हती. खालच्या घरात काळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या बारीक खपल्या पडल्या होत्या.

"हे काय आहे?" अतुलसाहेबांनी विचारलं. "हे आलं कुठून?"

पुंजारामनं बोटाच्या टोकावर एक खपली उचलली. दोन बोटांत चोळली. चोळायची गरज नव्हती. रोज रोज तापून आणि निवून नळीच्या आतली पापुद्र्यासारखी चिकटलेली वाळू सुटली होती. पहिल्या दिवशी नळीनं ती थुंकली नाही, कारण ती इतकी घट्ट बसली होती.

"ही माझी हाय," तो म्हणाला. "गोदावरीची. माझ्या कढईतली."

अतुलसाहेबांनी तपासणीचा कागद मागवला. बोट खाली खाली नेलं. सातव्या ओळीवर थांबलं. "आतून कॅमेऱ्यानं तपासलं, बरोबर. खाली सही तुझी आहे. प्रेरणा, कॅमेरा घातला होतास?"

प्रेरणा सरळ उभी होती. तिनं वडिलांकडं बघितलं नाही. "नाही, सर."

"साहेब," पुंजाराम पुढं झाला, "ती घालत होती. मीच बोललो. मीच चेष्टा केली. तुम्ही हसला बी होता—"

"काका," अतुलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचा काही दोष नाही. तुम्ही तुमचं काम केलं. तपासणं आमचं काम होतं. तुम्ही बसा. चहा घ्या."

त्या शब्दांनी पुंजारामला जे झालं ते शिवीनं झालं नसतं. कुणीतरी त्याला दोन लगावून द्याव्यात असं त्याला वाटलं. चहा आला. तो पितापिता त्याला दिसलं की प्रेरणा टेबलाशी वाकून झाल्या प्रकाराचा अहवाल लिहितेय आणि सुदर्शन तिला एकेक गोष्ट सांगतोय, जणू ती नवीनच लागलीय.

वाळूसाठी तिला शिक्षा झाली नाही. न तपासता केलेल्या खुणेसाठी झाली. डिझाइन तिच्याकडून काढून घेतलं. बाहेरून येणाऱ्या मालाची कागदपत्रं बघायला तिला दुसऱ्या खोलीत बसवलं. मॅनिफोल्डचं काम पुण्याला गेलं.

घरी पुंजारामनं वाट बघितली. तिनं ओरडावं, ताट ढकलावं. पण ती नेहमीसारखी जेवायची, आईला भांडी आवरू लागायची. "अण्णा, गोळी घेतली का?" एवढं विचारायची. संध्याकाळी दुकानात येणं मात्र बंद झालं.

एका दुपारी पुंजारामनं दुकानात उरलेली जादा जोडी काढली. तिच्यातली एक नळी शिकंज्यात धरली आणि ग्राइंडरनं लांबीवरून चिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन फाका. चौतीस वर्षांत हजारो नळ्या त्याच्या हातून गेल्या होत्या, पण स्वतः वाकवलेल्या वळणाचं पोट त्यानं कधी बघितलं नव्हतं. सरळ भाग साफ होता. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं ज्योत सगळ्यात जास्त लागलेली, तिथं भाकरी करपून तव्याला चिकटावी तसा वाळूचा काळा थर होता. त्यानं नखानं खरवडलं. निघाला नाही. छिन्नी लावली तेव्हा खपली उडाली.

त्या फाका त्यानं घरी नेल्या. प्रेरणा ओट्यावर बसून मोबाईल बघत होती. त्यानं तिच्यापुढं ठेवल्या.

तिनं एक फाक हातात घेतली. मग बोट त्या थरावरून फिरवत म्हणाली, "कॅमेऱ्यात दिसलं असतं."

"व्हय. म्या घालू दिला नाय."

"तुम्ही हात धरला नव्हता माझा." ती म्हणाली. "तुम्ही नाही, दुसऱ्या कुणी वाकवली असती ना, तर मी घातलाच असता. कुणी हसलं असतं तरी घातला असता."

साळूबाई आतून म्हणाली, "अगं, पण त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक—" आणि प्रेरणा जरा चढ्या आवाजात म्हणाली, "आई, तू नको बोलू." घरात त्या प्रकरणात चढलेला तो पहिला आणि शेवटचा आवाज. मग ती उठली आणि फाका वर्तमानपत्रात गुंडाळून परत अण्णांच्या हातात दिल्या.

दोन-अडीच महिन्यांनी ओतकामाचं मॅनिफोल्ड पुण्याहून आलं आणि पन्नास तास चाललं. प्रेरणानंच घरी येऊन सांगितलं.

"कुठंच तडकलं नाही?" त्यानं विचारलं.

"नाही. आकार आपलाच घेतलाय त्यांनी. वळणं तीच, लांबी तीच. सदतीस तास तो टिकला होता ना, म्हणून बदलला नाही."

"मंग चांगलंच झालं की!" पुंजाराम एकदम म्हणाला. "आकार तर तुझा राहिला!"

प्रेरणा चपला काढत होती. "हो," ती म्हणाली. "चित्रावर नाव त्यांच्या माणसाचं आहे." आणि पाय धुवायला न्हाणीत गेली. आत पाणी बराच वेळ पडत राहिलं.

पुंजारामनं दुकान बंद केलं नाही. पण ते तो पहिल्यासारखं चालवू शकला नाही. परवाच पाचोडकडचा एक ट्रॅक्टरवाला सायलेन्सर घेऊन आला होता. साधी नळी, एक वळण. एरवी पुंजारामनं सकाळी वाकवली की दुपारी गिऱ्हाईक गावाकडं निघायचं. वाकवली सकाळीच. पण दुपारी ट्रॅक्टरवाला आला तेव्हा पुंजाराम नळी डोळ्याशी धरून, हातातल्या बॅटरीचा उजेड आत पाडून उभा होता.

"झाली का, मिस्तरी?"

"परवा या. ॲसिडात टाकायचीय."

"कशात?"

"ॲसिडात. वाळूजला जाईल. आत वाळू ऱ्हाती."

ट्रॅक्टरवाला हसला. "अवो, ट्रॅक्टर हाय त्यो. धूर तर जायाचाय त्यातून! रेस मारली की निघंल वाळू. तुम्हीच मागं म्हणला व्हता मला, तोंड धुतंय म्हणून."

"म्हणलो व्हतो."

"मंग?"

पुंजारामनं नळी पुन्हा डोळ्याशी धरली. बॅटरीचा उजेड वळणापर्यंत जात होता. त्याच्या पुढं काय होतं ते दिसत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं चहावाल्याकडं बघून खांदे उडवले, मग आपला फुटका सायलेन्सर उचलून गल्लीच्या तोंडाशी नवीन निघालेल्या दुकानाकडं चालायला लागला. "बरंय मिस्तरी, राग नका मानू," असं जाताजाता म्हणाला.

चहावाला ओरडला, "अवो, गिऱ्हाईक चाललं की! हाक मारा."

पुंजारामनं हाक मारली नाही. नळी फिरवली आणि दुसऱ्या टोकाकडून आत बघायला लागला.